स्थिर चित्रीकरणावर हळूहळू मोठं होत जाणारं शीर्षक : अक्षरं थरथरतात, उपाय सांगा

तिपाई (धागाकर्ती), शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

वाईजवळच्या मेणवली घाटावर बारा मिनिटांची एक चित्रफीत केली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागचा कृष्णेचा घाट आणि तिथे देवळाजवळ टांगलेली ती मोठी घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर इकडे आलेली. पहिलं दृश्य पहाटेचं आहे. कॅमेरा तिपाईवर, सहा सेकंद काहीही हलत नाही, फक्त पायऱ्यांशी पाणी जरासं लकाकतं. त्यावर "कृष्णाकाठची घंटा" ही अक्षरं अगदी संथपणे मोठी होत जावीत, घंटेचा नाद कानात भरत जातो तशी, एवढंच मला हवं आहे.

आणि नेमकं तेच जमत नाहीये. अक्षरं सरळ मोठी होत नाहीत, थरथरत होतात. मागचं दृश्य इतकं शांत आहे की नजर दुसरीकडे कुठे जातच नाही, थेट त्या थरथरीवर बसते. वेग कमी केला तर सुधारेल असं वाटलं, पण उलट जास्त बिघडलं. चार रात्री गेल्या यात. चित्रफीत गावातल्याच लोकांना, देवळाच्या आवारात पडदा लावून दाखवायची आहे, म्हणून तडजोड करायला मन तयार नाही.

---

रेघोटी, शनिवार, रात्री ११:०५

सेकंदाला फ्रेम किती? शीर्षक कशात केलंय? अक्षरं टाइप केलेली आहेत की चित्र म्हणून आणली आहेत? आणि किती टक्के मोठी होतात? हे कळल्याशिवाय सांगणं कठीण.

---

तिपाई, शनिवार, रात्री ११:२०

१९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या व्हिडिओ साधनातलं ड्रॉटेक्स्ट (व्हिडिओवर अक्षरं लिहिणारं फिल्टर) वापरलंय, अक्षराचा आकार वेळेच्या सूत्राला बांधलाय: सहा सेकंदांत १६० वरून १९२. म्हणजे २० टक्के वाढ. सुरुवातीला ओळीची रुंदी साधारण १४०० पिक्सेल. नंतर १० टक्क्यांवर आणून पाहिलं, ते आणखी वाईट दिसलं.

दुसरी अडचण: "कृष्णा" मधला ष्ण फुटतो. पाय मोडलेला ष आणि त्याच्या शेजारी ण असं दिसतं. खालच्या छोट्या ओळीत "चित्रफीत" आहे, तिथे चि ची वेलांटी च च्या नंतर, उजवीकडे जाऊन बसते.

---

घाटमाथा, रविवार, सकाळी ७:५०

तिपाई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. सावकाश मांडतो, कारण हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चूक पकडता येते.

सहा सेकंद गुणिले २५ म्हणजे १५० फ्रेम. १६० ते १९२ हा फरक ३२ चा. ड्रॉटेक्स्टला तुम्ही सूत्रातून १६०.२१ दिलंत तरी फॉन्टचा आकार ते पूर्णांकातच धरतं. म्हणजे १५० फ्रेममध्ये आकार फक्त ३२ वेळा बदलतो, दर चार-पाच फ्रेमला एकदा. मधल्या फ्रेममध्ये अक्षरं जागची हलत नाहीत. आणि बदलतो तेव्हा किती? १६० ला १४०० पिक्सेल रुंदी, म्हणजे एका अंकाला पावणेनऊ पिक्सेल. दोन्ही बाजूंना वाटून प्रत्येक टोक सव्वाचार पिक्सेलच्या वर एकदम सरकतं. थांब, उडी, थांब, उडी, सेकंदाला पाचेक वेळा. तुम्हाला दिसतेय ती थरथर हीच.

त्यात ओळ मधोमध बसवण्यासाठी तुम्ही रुंदीतून वजाबाकी करून डावी कड काढत असणार. तीही पूर्ण पिक्सेलवर येते. कधी डावीकडे अर्धा पिक्सेल, कधी उजवीकडे. म्हणून अक्षरं मोठी होताना जागच्या जागी डुलल्यासारखीही वाटतात.

आता संथ केल्यावर जास्त का बिघडलं ते. समजा आकाराचा प्रश्न सुटला आणि फक्त जागा पूर्ण पिक्सेलवर येते आहे. २० टक्के वाढीत ओळीचं टोक एका बाजूला १४० पिक्सेल सरकतं, १५० फ्रेममध्ये. फ्रेमला जवळजवळ एक पिक्सेल, हे नजरेला खपून जातं. पण मध्यापासून १०० पिक्सेलवर असलेलं अक्षर पूर्ण सहा सेकंदांत २० च पिक्सेल सरकतं. ते सात-आठ फ्रेम गप्प बसणार आणि मग टुणकन एक पिक्सेल उडणार. वाढ १० टक्के केली की तेच अक्षर पंधरा फ्रेम गप्प बसणार. जितकं संथ, तितकी उडी ठळक. भरभर येणाऱ्या शीर्षकात हा दोष झाकला जातो, तुमच्यासारख्या शांत शीर्षकात उघडा पडतो.

तेव्हा वेगाशी झगडू नका. पिक्सेलचे अंश पाळणारं साधन हवं.

बरेच जण इथे एफएफएमपेगचं झूमपॅन (चित्र हळूहळू मोठं करणारं फिल्टर) सुचवतात. तेही कापायची चौकट पूर्ण पिक्सेलवरच धरतं, आणि ४:२:० चं चित्र (रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवणारं) असेल तर सम आकड्यावर, म्हणजे उडी दोन पिक्सेलची. एक चित्र दुसऱ्यावर ठेवणाऱ्या ओव्हरले फिल्टरचं तसंच: नेहमीच्या मांडणीत ते जागा सम आकड्यावर आणून ठेवतं. त्याला ४:४:४ मध्ये (रंगही पूर्ण बारकाईने) काम करायला सांगितलं की निदान एका पिक्सेलवर येतं.

झूमपॅनच वापरायचं असेल तर जुनी युक्ती अशी: पारदर्शक पार्श्वभूमीवरचं शीर्षक चौपट मोठ्या फळीवर, ७६८० बाय ४३२० वर, मोठं करत न्यायचं आणि मग तो थर १९२० वर आणून व्हिडिओवर ठेवायचा. चौपट फळीवरची एक पिक्सेलची उडी शेवटी पाव पिक्सेलची होते. यंत्राला घाम फुटतो, पण चालतं.

माझी पहिली पसंती मात्र सबटायटलच्या वाटेला. एएसएस प्रकारची सबटायटल फाइल करा, त्यात पडद्याचा आकार १९२० बाय १०८० असा लिहून टाका, ओळ मध्याला बांधा, आणि टी हा टॅग वापरून शून्य ते ६००० मिलिसेकंदांत आडवं-उभं प्रमाण १०० वरून १२० करा. मग ती फाइल एफएफएमपेगच्या एएसएस फिल्टरमधून व्हिडिओवर चढवा. त्यामागे लिबास ही लायब्ररी आहे. ती अक्षराची बाह्यरेषाच ताणते आणि पिक्सेलच्या अंशावर बसवते. शिवाय अक्षरजुळणी हार्फबझ या जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून करून घेते, त्यामुळे तुमचा ष्णही जुळून येईल.

---

अक्षरवेडी, रविवार, सकाळी ९:३०

घाटमाथांनी जोडाक्षराचं शेवटी एका वाक्यात उरकलं, मी जरा थांबते तिथे.

देवनागरीत कळफलकावर आधी च आणि मग वेलांटी येते, पण दिसायला वेलांटी आधी हवी. ष, हलन्त, ण असे तीन घटक येतात आणि त्यांचा मिळून एक आकार व्हायला हवा. हे नियम फॉन्टच्या पोटात असतात, पण ते वाचून अंमलात आणणारा कोणीतरी लागतो. एफएफएमपेगच्या ६.१ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये ड्रॉटेक्स्टकडे अरबीपुरती सोय होती, देवनागरीसाठी नव्हती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१ पासून तिथेही हार्फबझ आलं. तुमच्या संगणकावर जुनी आवृत्ती असणार. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. आफ्टर इफेक्ट्सची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनीही असं दिसलं तर आधी पसंतीच्या (प्रेफरन्सेसच्या) खिडकीत दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडलंय का ते बघावं.

आणखी एक गोष्ट, जी लॅटिन लिपीत शीर्षकं करणाऱ्यांना भेटतच नाही. आपली शिरोरेघ ही खरं तर एक रेघ नसते. प्रत्येक अक्षराचा आपला तुकडा असतो आणि ते एकमेकांवर किंचित चढलेले असतात. अक्षरं थोडी पारदर्शक केलीत, किंवा प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड काढलीत, की चढलेल्या जागी सांधे दिसतात. मोठं होताना ते सांधे लुकलुकतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ टाइप करा (तिथे जुळणी बरोबर होते), तिचं रूपांतर बाह्यरेषेत करा आणि सगळे आकार एकत्र जोडून एकच आकार करा. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला ते फोडता येत नाही. मी वापरते त्या ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) देवनागरी जुळत नाही, तिथे मी कायम याच वाटेने जाते.

फॉन्टबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते: छोट्या ओळीत "मेणवली" येणार असेल तर ल कडे बघा. हिंदी वळणाचा ल मराठी डोळ्याला खुपतो. टिरो देवनागरी मराठीमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. ठसठशीत काही हवं असेल तर "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" हा फॉन्ट घ्या, त्याच्या जाड वजनांत शिरोरेघ भरदार येते आणि मोठं होताना ती जास्त स्थिर दिसते.

---

जुना_पडदा, रविवार, दुपारी १:१५

फिल्मच्या काळात अशी शीर्षकं अॅनिमेशन स्टँडवर व्हायची. खाली टेबलावर काळ्या कार्डावर पांढरी अक्षरं, वर खांबाला कॅमेरा. एक फ्रेम घ्यायची, कॅमेरा चिमूटभर खाली आणायचा, पुढची फ्रेम. मग ते मागच्या दृश्यावर ऑप्टिकल प्रिंटरवर (दोन फिल्म एकीवर एक छापणारं यंत्र) चढवायचं. कॅमेरा सारख्या अंतराने खाली आणला की अक्षरं शेवटी शेवटी अंगावर धावून येतात, कारण अंतर अर्धं झालं की आकार दुप्पट होतो. म्हणून आधी कागदावर तक्ता मांडायचा, कुठल्या फ्रेमला किती सरकवायचं. तुमच्या २० टक्क्यांत हा फरक कळणार नाही. पण कोणी चौपट करणार असेल तर तक्ता लागेलच.

---

रेघोटी, रविवार, दुपारी २:००

काका, अगदी बरोबर. संगणकावर चूक उलट्या बाजूने होते. १०० ते ४०० टक्के सरळ रेषेत वाढवलं तर पहिल्या सेकंदात अक्षरं झेपावतात आणि शेवटी रेंगाळतात, कारण डोळा बेरीज मोजत नाही, पट मोजतो. अर्ध्या वेळेला २५० नको, २०० हवं. दर फ्रेमला ठराविक आकड्याने गुणायचं, मिळवायचं नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये यासाठी एक्सपोनेन्शियल स्केल नावाची तयार सोय आहे. १०० ते १२० मध्ये मध्यबिंदूला ११० की १०९.५ एवढाच फरक, तो सोडून द्या.

तिपाई, सुरुवात-शेवटाच्या वळणाबद्दल माझं मत. सगळे सवयीने दोन्ही टोकांना इझ (वेग हळूहळू वाढवणं किंवा कमी करणं) लावतात. तुमच्या शीर्षकाला शेवटी लावू नका. अक्षरं विरत असताना वाढ थांबली की शेवटचा अर्धा सेकंद मेल्यासारखा वाटतो. विरून जाईपर्यंत वाढ चालूच राहू द्या. नादाचं म्हणताय ना, तोही कमी होत जातो, थबकत नाही.

---

तिपाई, सोमवार, रात्री ९:४५

मंडळी, एएसएसची वाट जमली. ष्ण जुळला, चि जुळला, उड्या गेल्या. पहिल्यांदा सलग मोठं होताना पाहिलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

पण एक उरलंय. शिरोरेघ. ती हलत नाही, पण तिची वरची कड मिनमिनते. कधी धारदार, कधी मऊ, पुन्हा धारदार. अर्ध्या-पाऊण सेकंदाला एकदा. बाकी अक्षर स्वच्छ आहे.

---

अक्षरवेडी, सोमवार, रात्री १०:३०

हे होणार होतंच, आणि हा दोष कुठल्या सॉफ्टवेअरचा नाही.

शिरोरेघ ही पडद्यावरची अगदी आडवी, लांबलचक कड. ती पिक्सेलच्या ओळीवर बरोबर बसते तेव्हा धारदार दिसते. अर्ध्यावर येते तेव्हा पिक्सेलची एक पूर्ण ओळ करडी होते, तीही चौदाशे पिक्सेल लांब. तुम्ही ओळीच्या मध्यापासून वाढ करताय. शिरोरेघ मध्याच्या समजा ५० पिक्सेल वर आहे. २० टक्के वाढीत ती १० पिक्सेल वर जाणार, म्हणजे दर पंधरा फ्रेमला एक पिक्सेल. पंधरा फ्रेम म्हणजे ०.६ सेकंद. तुम्ही सांगितलेल्या वेळाशी हे जुळतंय. रोमन अक्षरांत इतकी लांब आडवी कड सहसा नसते, म्हणून यावर कुठे लिहिलेलं सापडत नाही.

उपाय सोपा आहे: वाढीचा स्थिर बिंदू ओळीच्या मध्यावर ठेवू नका, शिरोरेघेच्या वरच्या कडेवर ठेवा, आणि ती कड बरोबर पूर्ण पिक्सेलवर बसवा. मग अक्षरं कितीही मोठी झाली तरी ती कड जागची हलणार नाही. फक्त खालची कड सरकेल. रेघ १८ पिक्सेल जाड असेल तर शेवटी २१.६ होईल, म्हणजे सहा सेकंदांत साडेतीन पिक्सेलच्या आसपास. तेवढं मिनमिनणं कोणाला दिसत नाही.

अक्षरं वरपेक्षा खाली जास्त वाढतील. ते मला तर जास्तच आवडतं. आपली अक्षरं बसलेली नसतात, रेघेला टांगलेली असतात. आपण वहीतही वरच्या रेघेला धरूनच लिहितो. आणि तुमचं शीर्षक घंटेचं आहे.

---

घाटमाथा, सोमवार, रात्री ११:१०

अक्षरवेडी, हे सुचलं नव्हतं मला. वा.

एएसएसमध्ये मात्र वाढीचा बिंदू हवा तिथे धरता येत नाही, ओळीच्या वर, मध्ये किंवा तळाशी एवढंच. तेव्हा इंकस्केपमधून शीर्षकाचं पारदर्शक पीएनजी काढा, शेवटच्या आकाराच्या दुप्पट मोठं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लहानच करावं लागेल. लहान केलेलं चित्र स्वच्छ राहतं, ताणलेलं मऊ पडतं. मग इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या साधनातलं डिस्टॉर्ट, त्यात एसआरटी पद्धत (लहान-मोठं करणं, फिरवणं, सरकवणं; सबटायटलच्या एसआरटीशी संबंध नाही). तिला मूळ चित्रातला स्थिर बिंदू, अपूर्णांकातलं प्रमाण, कोन आणि तो बिंदू पडद्यावर कुठे यावा हे द्यायचं. कोन शून्य. १५० फ्रेमसाठी छोटा लूप (तीच आज्ञा आकडे बदलत पुन्हा पुन्हा चालवणारा) लिहा. तयार फ्रेम १९२० बाय १०८० च्याच काढा, म्हणजे ओव्हरलेला शून्य-शून्यवर ठेवायचं, पूर्णांकाचा प्रश्नच उरत नाही.

---

नवा_दिवा, मंगळवार, सकाळी ८:२०

मला कोडिंग येत नाही, केडेनलाइव्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात काही करता येईल का?

---

रेघोटी, मंगळवार, सकाळी ९:००

येईल. शीर्षकाच्या खिडकीत अॅनिमेशनचा भाग आहे, सुरुवातीची आणि शेवटची चौकट ओढून ठरवायची. किंवा इंकस्केपचं मोठं पीएनजी टाइमलाइनवर आणून ट्रान्सफॉर्मच्या कीफ्रेम (सुरुवातीचा आणि शेवटचा आकार ठरवणाऱ्या खुणा) लावा. चौकटी ओढताना शिरोरेघ दोन्हीकडे त्याच उंचीला येईल असं बघा. डाविंची रिझॉल्व्ह असेल तर इन्स्पेक्टरमध्ये डायनॅमिक झूम आहे, त्याला इझही निवडता येतं.

---

तिपाई, मंगळवार, रात्री ११:५५

केलं. शिरोरेघेची वरची कड ४३० व्या ओळीवर, आडवा मध्य ९६०. रेघ खिळ्यासारखी स्थिर आहे आणि अक्षरं तिच्याखाली उमलतात. शेवटची रुंदी १६८० झाली, दोन्हीकडे १२० पिक्सेल मोकळे.

फक्त लॅपटॉपवर पाहताना मधूनच एक बारीकसा ठेका जाणवतो. फ्रेम एकेक करून तपासल्या, सगळ्या बरोबर आहेत.

---

घाटमाथा, बुधवार, सकाळी ७:३०

फ्रेम बरोबर असतील तर तो पडद्याचा हिशेब. लॅपटॉपचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, तुमच्या फ्रेम २५. साठाला पंचविसाने भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोन फेऱ्या दिसतात आणि काही तीन. सलग सरकणाऱ्या गोष्टीत तोच ठेका. पडदा ५० वर नेऊन बघा, जाईल. देवळातल्या प्रोजेक्टरला ५० हर्ट्झचा संकेत देता येतो का तेही आधीच बघून ठेवा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर पुढच्या वेळी चित्रीकरणच ३० ने करा, ते ६० ला बरोबर बसतं. आता २५ चं ३० करू नका, पाण्याची लकाकी अडखळायला लागेल.

आणि रेंडर करताना बिटरेटची काटकसर नको. असं शांत दृश्य दाबून बसवलं की नवी कीफ्रेम (इथे फाइलमधली पूर्ण साठवलेली फ्रेम) आली की पाण्याचा आणि आभाळाचा पोत एकदम बदलतो, अख्खं चित्र दचकल्यासारखं होतं. एक्स२६४ या एन्कोडरला सीआरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १८ च्या आसपास द्या. अक्षरांना गडद लाल देणार असाल तर थांबा, ४:२:० मध्ये रंगाची बारकाई निम्मी होते आणि लाल कडा पसरतात. मोतिया पांढरा घ्या.

---

तिपाई, शुक्रवार, रात्री १०:१५

५० वर ठेका गेला. प्रोजेक्टर ज्यांच्याकडून आणणार आहोत त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले होते, तिथेही ५० चालतं.

रंग मोतियाच केला. लाल करून पाहिला होता, घंटेवरच्या शेंदरासारखा, पण कडा खरंच पसरल्या. छोट्या ओळीला टिरो देवनागरी मराठी, ल आपला. वाढ १६ टक्क्यांवर आणली, आणि रेघोटी म्हणाले तसं शेवटी थांबवली नाही. घंटेचा टोल पडतो त्याच फ्रेमला अक्षरं दिसायला लागतात.

काल आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, पण शीर्षक विरेपर्यंत हातातली परात तशीच धरून उभी होती.

इंकस्केपची फाइल आणि लूप दोन्ही खाली जोडते आहे. स्थिर बिंदूचे आकडे तुमच्या शिरोरेघेप्रमाणे बदलून घ्या.